ज्या पाण्यात डाळ शिजत नाही

आमच्या जुन्या घरी तांब्याचा बंब होता. मधोमध विस्तवाची नळी, तिच्याभोवती पाणी. वरून तांब्याभर गार पाणी ओतलं की तोटीतून तांब्याभर कढत पाणी बाहेर यायचं. आजी तो बाहेरून चिंचेने घासायची, तेव्हा त्यात तोंड दिसायचं. आतलं मात्र वर्षातून एकदाच कळायचं. दिवाळीआधी ती बंब उलटा करून लाकडी ठोकणीने सगळ्या अंगांनी ठोकायची आणि अंगणात पांढरट पापुद्र्यांचा ढीग पडायचा. ‘विहिरीचं पाणी जड आहे,’ एवढंच तिचं त्यावरचं भाष्य. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नसे. डाळीसाठी पाटाचं पाणी वेगळ्या हंड्यात भरून ठेवलेलं असायचं आणि त्या हंड्याला आम्ही पोरांनी हात लावलेला तिला चालत नसे.

मोटारीचं इंजिन म्हणजे असाच बंब. सिलिंडरच्या आत इंधन जळतं, भोवतीच्या पोकळीतून पाणी फिरतं. बंब आपण गरम पाण्यासाठी पेटवतो. गाडीत तेच गरम पाणी नकोसं असतं, म्हणून ते रेडिएटरात न्यायचं, वाऱ्यावर निववायचं आणि परत आत पाठवायचं. जळलेल्या इंधनातली साधारण एक तृतीयांश उष्णता एवढं एक पाणी वाहून नेतं. दिवाळीआधी बंब ठोकणाऱ्या घरातल्या माणसाला गाडीचं पाणी साफ करायला शिकवावं लागू नये. तरी लागतं, म्हणून ही छोटी पुस्तिका लिहिली.

ती राहात्यात बसून लिहिली, हेही सांगायला हवं, कारण हा विषय जागेप्रमाणे बदलतो. कोकणात कोणी असं पुस्तक लिहिलं तर ते बहुधा गंजावर लिहील. आमच्याकडे मुख्य दुखणं क्षाराचं. राहाता नगर-मनमाड रस्त्यावर, शिर्डीच्या शेजारी, समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आसपास. एका अंगाला गोदावरीचे कालवे, दुसऱ्या अंगाला प्रवरेचे. शंभर वर्षांपूर्वी हे पाट आले आणि त्यांनी ऊस आणला, पेरूच्या बागा आणल्या, पुढे काही ठिकाणी जमिनी खारवटूनही टाकल्या. पाटाला आवर्तन असतं तेव्हा पाणी बरं. ते संपलं की विहीर, आणि विहीर आटली की बोअर. जितकं खोल जावं तितकं पाणी जड. रेडिएटरात पाणी कमी पडतं ते नेमकं चैत्र-वैशाखात, म्हणजे जेव्हा हाताशी सगळ्यात वाईट पाणी असतं तेव्हाच.

या रस्त्यावर जुन्या गाड्या किती पळतात, ते बाहेरच्यांना पटायचं नाही. शिर्डीहून शनिशिंगणापूरला भाविक नेणाऱ्या जीपा, कोपरगाव स्टेशनच्या फेऱ्या, रात्री पेरूच्या पेट्या घेऊन मुंबईला निघणारे पिकअप. शिंगणापूर जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरच्या घरात. भर उन्हात, आठ जणांच्या जागी बारा बसवून, वर एसी चालू. अशा गाडीत ‘पाणी टाकणं’ हे डिझेल टाकण्याइतकं नेमाचं काम. ड्रायव्हरच्या सीटखाली पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन असतोच. तो कुठे भरला हे विचारलं तर तो हसतो. हॉटेलचा नळ, पेट्रोल पंपाची टाकी, देवळामागची हातपंपाची धार, शेताकडेची पाटचारी. वर्षभरात त्या रेडिएटरात अर्ध्या जिल्ह्याचं पाणी जाऊन बसलेलं असतं.

आता माझ्याबद्दल थोडं. माझी नोकरी साखर कारखान्याच्या बॉयलिंग हाऊसमध्ये झाली. कारखान्याचं नाव महत्त्वाचं नाही. या पट्ट्यात दर काही कोसांवर धुराडं आहेच. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० साली सहकारी कारखान्याचं पहिलं गाळप सुरू केलं, तेव्हापासून इथल्या दोन-तीन पिढ्यांनी उसाच्या रसाला उकळी फुटताना पाहिली आहे. रस आटवायला आमच्याकडे उंच बंद भांडी असतात, त्यांना आम्ही ‘बॉडी’ म्हणतो. आत शेकडो उभ्या नळ्या, नळ्यांच्या आतून रस, बाहेरून वाफ. काही आठवडे गाळप झालं की नळ्यांना आतून थर धरतो, रस आटायला वेळ लागू लागतो, वाफ जास्त खाते. मग ‘क्लिनिंग’. बॉडीत कॉस्टिक सोडा उकळायचा, ते पाणी सोडून द्यायचं, गरज पडली तर पातळ ॲसिड फिरवायचं, भरपूर धुवायचं, आणि शेवटी एकेका नळीतून ब्रश घालायचा. चालू हंगामात चरक थांबवून हे करावं लागतं. एकेक तास मोजला जातो, तरी क्लिनिंग टाळा असं कोणी म्हणत नाही. बॉयलरची गोष्ट तर आणखी कडक. त्याला कच्चं पाणी देणं म्हणजे आमच्याकडे गुन्हाच. वाफेचं निवलेलं पाणी परत वापरायचं, नाहीतर क्षार काढलेलं, रोज तपासायचं.

आणि त्याच कारखान्याच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या आमच्याच गाड्यांमध्ये आम्ही पाटचारीचं गढूळ पाणी ओतत होतो. बॉयलर सांभाळणारा फिटर पाळी संपवून बाहेर यायचा, जीपचं बॉनेट उघडायचा आणि हाताला लागेल ते पाणी घालायचा. मीही घातलं आहे. कित्येक वर्षं मला त्यात काही विसंगत वाटलं नाही. आजही शेतकरी ठिबकच्या नळ्यांत क्षार बसू नये म्हणून ॲसिड सोडतो, गृहिणी गिझरच्या कॉइलवरचा थर पाहून हळहळते, आणि बॅटरीसाठी आपण सगळेच पंपावरून डिस्टिल्ड वॉटरची बाटली विकत घेतो. त्याच बॉनेटखाली, बॅटरीपासून हातभर अंतरावर, रेडिएटरला मात्र बोअरचं. या तालुक्याला क्षाराविषयी जेवढं कळतं तेवढं पुस्तकात सापडायचं नाही. ते ज्ञान फक्त बॉनेटच्या आत कधी गेलं नाही.

माझी गाडी होती ॲम्बेसेडर. तिसऱ्या हाताची, पांढरी. एके काळी या भागात पांढरी ॲम्बेसेडर दिसली की माणसं रस्त्याच्या कडेला सरकून उभी राहायची, आत चेअरमन असणार म्हणून. माझ्या गाडीत चेअरमन नाही हे तिच्या आवाजावरून लांबूनच कळायचं. इंजिन जुनं, १४८९ सीसीचं पेट्रोल, ब्लॉकही बिडाचा आणि हेडही बिडाचं. रेडिएटर तांब्या-पितळेचा, डाग देऊन जोडलेला. मुळातल्या इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डचं हे रूप, उत्तरपाड्याला १९५० च्या दशकापासून २०१४ पर्यंत बनत राहिलं. दणकट गाडी. पण पाणी प्यायची.

एकदा पुण्याला जाताना चंदनापुरीच्या घाटात काटा लालमध्ये गेला. बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, आणि घाईत फडकं टाकून टोपण फिरवलं. माझ्या डाव्या मनगटावर अजून त्याची खूण आहे. बंद टोपणाखाली पाणी दाबात असतं, घरच्या कुकरसारखंच. उघड्या भांड्यात आमच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या थोडं वर उकळतं. टोपणाने एक किलोच्या आतबाहेर दाब धरला की ते ११८-१२० अंशांपर्यंत उकळत नाही. टोपण उघडलं की दाब जातो आणि सगळं पाणी एकदम उकळी धरून वर येतं. कुकरची शिटी पडायच्या आधी झाकण उघडणारी बाई कोणी पाहिली नाही, रेडिएटरचं टोपण उघडणारे पुरुष मात्र प्रत्येक घाटात दिसतात. पुढे एका प्रकरणात मी हेच तीनदा लिहिलं आहे. कंटाळा आला तरी तीनदा वाचावं.

त्या घाटात एका पिकअपवाल्याने मदत केली. रेडिएटरच्या खालच्या अंगाला बारीक गळती होती. ‘भाऊ, हळद आहे का?’ म्हणाला. त्याच्याकडेच निघाली. मूठभर हळद रेडिएटरात टाकली, गाडी चालू ठेवली, पंधरा मिनिटांत गळती थांबली. हा उपाय देशभर ड्रायव्हर लोकांना ठाऊक आहे आणि तो लागू पडतो, हे कबूल केलं पाहिजे. हळद पाण्यात फुगते, फटीशी जाऊन साचते आणि भोक बुजवते. पुण्याला पोचलो, परत आलो, गळती गेली म्हणून विसरूनही गेलो. दुसऱ्या उन्हाळ्यात गाडी सपाट रस्त्यावरही गरम व्हायला लागली. रेडिएटर उतरवून डाग देणाऱ्या चाचांकडे नेला. त्यांनी वरची टाकी शेगडीवर तापवून सोडवली, आत पाहिलं आणि म्हणाले, ‘हिचं लग्न कधी लावलं?’ चपट्या नळ्यांची तोंडं पिवळट-तपकिरी लगद्याने लिंपलेली होती. हळदीला भोक कोणतं आणि नळी कोणती हे कळत नाही.

चाचांचं काम पाहणं हा माझ्यासाठी नोकरीचाच पुढचा भाग होता. पातळ पोलादी पट्टी एकेका नळीत घालून ते वरखाली करत आणि खालून भुकटी पडे. आमच्या बॉडीच्या नळ्यांत ब्रश घालतात तेच हे, फक्त खेळण्याच्या मापाचं. मग नवसागर, कथील, शेगडी, पुन्हा डाग. कल्हईवाल्यांच्या धंद्याची ही शेवटची फांदी असावी. आता बहुतेक गाड्यांना ॲल्युमिनियमचा गाभा आणि प्लास्टिकच्या टाक्या असतात, पत्रा दुमडून आवळलेल्या. त्या उघडून पट्टी घालता येत नाही. तो रेडिएटर चोंदला की बदलायचा. जुना तांब्याचा रेडिएटर मात्र भंगारवाल्याला वजनावर देऊ नका. तो दुरुस्त होणारा आहे. गाडीत अशा वस्तू फार उरल्या नाहीत.

पण रेडिएटर साफ करून आणला तरी माझी गाडी पूर्ण निवली नाही. इथे मला खरा धडा मिळाला, आणि या पुस्तिकेचा अर्धा भाग त्यावरच आहे. सगळे रेडिएटरकडे बघतात, कारण तो समोर असतो. घाण मात्र ब्लॉकमध्ये बसते. ॲम्बेसेडरच्या ब्लॉकला मागच्या अंगाला, चौथ्या सिलिंडरजवळ, पाणी सोडायचा एक छोटा नळ असतो. मी तो उघडला. काही आलं नाही. पाणी संपलं असेल म्हणून वरून ओतलं, तरी थेंब नाही. मग तार घालून कोरत बसलो. बऱ्याच वेळाने आधी चहाच्या चोथ्यासारखा चिखल आला, मग गेरूच्या रंगाचं पाणी, मग एकदम धार. पंप पुढे, त्यामुळे पाणी मागे पोचेपर्यंत मंदावतं, आणि जड असेल ते तळाशी बसतं. नदी वळणावर गाळ टाकते तसं. चौथा सिलिंडर वर्षानुवर्षं चिखलात उभा होता. वरचा काटा सांगत होता ते पुढच्या पाण्याचं तापमान.

आता घाणीविषयी. गाडी गरम होते म्हटलं की लोक ‘फ्लश मारा’ म्हणतात, जणू सगळी घाण एकच. ती निदान चार जातींची असते आणि एकीचं औषध दुसरीला विष होतं.

क्षार पांढरा, दगडासारखा. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम तापलं की विरघळलेलं राहत नाही, सगळ्यात गरम भिंत शोधून तिला चिकटतं. म्हणजे सिलिंडरच्या अंगाला, जिथे तो सगळ्यात नको तिथे. तांब्याच्या मानाने हा थर उष्णता शेकडो पटींनी कमी वाहून नेतो. इथे एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा चांगला मानतात, आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आपल्या बोअरचं पाणी ५०० चं धरू. गाडीत दहा लिटर पाणी बसतं असं समजलं तर एका भरण्यात पाच ग्रॅम क्षार, चमचाभर. तेवढ्याने काही बिघडत नाही. पण गाडी रोज एक लिटर पीत असेल तर वर्षाला ३६५ लिटर, म्हणजे १८० ग्रॅमच्या वर. जे पाणी वाफ होऊन गेलं त्याने क्षार मागेच ठेवला. जे गळून गेलं त्यानेही तापलेल्या भिंतीवर थोडा ठेवूनच वाट धरली. तेव्हा सगळा जमत नसला तरी दिशा स्पष्ट आहे. गाडीला क्षार पहिल्या पाण्याने चढत नाही, रोजच्या ‘थोडं टाक रे’ने चढतो. गळती न काढता रेडिएटर धुणं म्हणजे मिठागर झाडून घेण्यासारखं.

दुसरी जात गंज. बिडाचा ब्लॉक आणि हवा मिसळलेलं साधं पाणी एकत्र आलं की लाल गाळ होतोच. त्यात एकाच पाण्यात बीड, तांबं, पितळ, कथील-शिसं आणि पुढच्या गाड्यांत ॲल्युमिनियम अशा पाच धातूंची पंगत बसवलेली. क्षाराच्या पाण्यातून वीज बरी वाहते, म्हणून ती पंगत म्हणजे एक छोटी बॅटरीच होते आणि त्यातला दुबळा धातू झिजत राहतो. मारुती ८०० चं हेड ॲल्युमिनियमचं; अशा गाडीला बोअरचं पाणी म्हणजे दुहेरी मार.

तिसरी जात तेल. टोपण उघडल्यावर चहाच्या सायीसारखा बुळबुळीत थर दिसला तर धुणं बाजूला ठेवा. बहुधा हेड गॅसकेट गेलेलं असतं. आधी मिस्त्री, मग साबण, मग बाकीचं. तेलकट थरावर ॲसिड ओतलं तर ते पोचतच नाही.

चौथी जात आपण स्वतः घातलेली. हळद, तंबाखू, गळतीची तयार पुडी, होजच्या तोंडाला फासलेलं सीलंट. यावर रासायनिक उपाय जवळजवळ नाही. पट्टी, ब्रश, आणि पुन्हा न घालण्याची शपथ.

औषधांबद्दल मी जरा कडक आहे, आणि पुढच्या पानांत तसाच दिसेन. संडास साफ करायचं ॲसिड रेडिएटरात घालणारे लोक मी पाहिले आहेत. फेस येतो, पांढरं पाणी निघतं, गिऱ्हाईक खूश. ते ॲसिड क्षाराबरोबर डागही खातं, पितळ खातं, आणि ॲल्युमिनियम तर फार भरभर खातं. कॉस्टिक सोड्याचंही तसंच. आमच्या बॉडीच्या पोलाद-तांब्याला तो चालतो म्हणून मारुतीच्या हेडला चालत नाही. ॲल्युमिनियमवर तो हायड्रोजन वायू काढत सुटतो. कारखान्यातून बाटलीभर कॉस्टिक आणून जावयाच्या गाडीत घातलेल्या एका सहकाऱ्याची हकिगत आहे, पण ती मी लिहिणार नाही, घरोबा आहे.

माझं औषध लिंबूसत्त्व. किराणा दुकानात मिळतं ते सायट्रिक ॲसिड. आजीने बंबाला चिंच लावली त्याच घराण्यातलं. मध्यम थराला लिटरमागे पन्नास-साठ ग्रॅम पुरतं. गाडी गार असताना सगळं पाणी सोडायचं, ब्लॉकच्या नळातूनही. थर्मोस्टॅट काढून ठेवायचा, हीटर असेल तर त्याची वाट उघडी करायची. आधी नुसत्या पाण्याने उलटं धुवायचं, म्हणजे बागेची नळी रेडिएटरच्या खालच्या तोंडाला लावून घाण वरून बाहेर काढायची. ज्या वाटेने गाळ आत शिरला त्याच वाटेने तो बाहेर पडतो. मग लिंबूसत्त्वाचं पाणी, गाडी गरम होईपर्यंत चालवायची, अर्धा-पाऊण तास. सोडायचं. चमचाभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने आंबटपणा मारायचा. आणि मग धुवायचं, पाणी निवळ येईपर्यंत, आणि त्यानंतर अजून दोनदा. लोकांचा धीर सुटतो तो इथे. आंबट पाणी आत राहिलं तर त्याने काढलेल्या घाणीपेक्षा ते जास्त नुकसान करील. थर फारच जाड असेल तर ॲसिडचा जोर वाढवण्यापेक्षा हेच सौम्य धुणं पंधरा दिवसांनी पुन्हा करावं.

थर्मोस्टॅट काढून ठेवायचा म्हटलं, फेकायचा म्हटलं नाही. आपल्याकडे तो काढून टाकणं हे मिस्त्रीच्या हुशारीचं लक्षण समजतात. ‘आपल्याकडे कुठं बर्फ पडतंय?’ त्याचं काम बर्फाशी नाही. इंजिन कामाच्या तापमानाला लवकर पोचावं म्हणून तो आतलं मेण वितळेपर्यंत, बहुतेक ८२ किंवा ८८ अंशांपर्यंत, रेडिएटरची वाट अडवून धरतो. पौषातल्या पहाटे राहात्यात गाडी चालू करून बघा. थंड इंजिन इंधन जास्त खातं आणि लवकर झिजतं. काही इंजिनांत तर तो काढला की गरम पाणी रेडिएटर टाळून आडवाटेने परत इंजिनात जातं आणि गाडी उलट जास्त तापते. स्वयंपाकघरात पातेल्यात पाणी उकळत ठेवून, दोऱ्याला बांधून तो आत सोडला की उघडतो की नाही ते डोळ्यांनी दिसतं. पातेलं नंतर स्वयंपाकाला वापरू नये. आमच्याकडे यावरून दोन दिवस अबोला होता.

बर्फाचाच आक्षेप कुलंटलाही घेतला जातो. कंपन्यांनी विकायला काढलेलं रंगीत पाणी, असं मलाही पूर्वी वाटे. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल असलेलं मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, हा गुण राहाता तालुक्याला खरोखर निरुपयोगी. पण ते उकळतंही उशिरा, आणि मुख्य म्हणजे त्यात गंज धरू न देणारी द्रव्यं मिसळलेली असतात. पैसे त्या द्रव्यांचे द्यायचे. गंमत म्हणजे उष्णता वाहून न्यायच्या कामात नुसतं पाणी या मिश्रणापेक्षा सरस आहे. म्हणून जास्त कुलंट म्हणजे जास्त गार, असा हिशेब नसतो. ती द्रव्यं काही वर्षांत संपतात. हिरवा रंग तसाच राहतो आणि माणूस निर्धास्त राहतो. रंगावरून जातही ओळखू नये, तो नुसता घातलेला रंग असतो. डाग दिलेल्या जुन्या रेडिएटरला जुन्या पद्धतीचं साधं कुलंट बरं. ते कोणत्या पाण्यात मिसळायचं, हे आजीच्या नियमाने ठरवावं: ज्या पाण्यात डाळ शिजत नाही ते नको. डिस्टिल्ड वॉटर चांगलं, पत्र्यावरून पहिल्या दोन सरींनंतर धरलेलं पावसाचं पाणीही चांगलं.

पाणी ओततच जायचं ही सवय काही आमच्या वडापवाल्यांनी काढलेली नाही. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्टा बेंझ नवऱ्याची मोटार घेऊन, दोन मुलांसह, जर्मनीत मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी गेली, शंभरेक किलोमीटर. त्या गाडीत पाणी निववायची सोय नव्हती. ते उकळून वाफ होऊन जायचं आणि वाटेत मिळेल तिथे पुन्हा भरावं लागायचं. पुढे १९०१ च्या मर्सिडीजला विल्हेल्म मायबाखने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर लावला, आठ हजारांवर बारीक नळ्यांचा, तेव्हा पाणी आतच फिरत राहू लागलं. म्हणजे रेडिएटर जन्मला तोच वरून सतत पाणी घालावं लागू नये म्हणून. आम्ही अजून बर्टाबाईंच्या पद्धतीने चालवतो.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो, नाहीतर शिव्या मला बसतील. धुतल्यानंतर जुनी गाडी गळू शकते. कुजलेल्या नळीचं भोक क्षारानेच बुजवून धरलेलं असतं. क्षार गेला की भोक उघडं. ब्लॉकच्या अंगात बसवलेल्या पत्र्याच्या वाट्यांचंही तसंच, वरून रंगलेल्या दिसतात आणि आतून कागदाएवढ्या उरलेल्या असतात. हे धुण्याने झालेलं नसतं, धुण्याने दिसलेलं असतं. तरी लांबच्या प्रवासाच्या आदल्या दिवशी धुऊ नका. आठ दिवस गावातल्या गावात चालवा, रोज सकाळी गाडीखाली बघा.

दुसरं, काढलेलं कुलंट. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं. कुत्रं चाटतं, शेळी पिते, आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरते. जनावराला काय झालं हे कोणाला कळतही नाही. ओढ्यात, पाटात, गोठ्यामागे ओतू नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर ठळक लिहून, जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजात द्या. लिंबूसत्त्वाच्या पाण्यातही पहिल्या धुण्यात शिसं-तांबं उतरलेलं असतं, ते पेरूच्या बुंध्याशी सोडायचा मोह मला झाला होता. झाड वाचलं, कारण सौभाग्यवती मध्ये आल्या.

पुस्तिका पहिल्या पानापासून वाचलीच पाहिजे असं नाही. उद्या सकाळी, गाडी रात्रभर उभी राहून गार झालेली असताना, टोपण उघडा आणि कडेच्या आतून बोट फिरवा. बोट लाल आलं तर गंजाच्या प्रकरणाकडे जा, बुळबुळीत आलं तर सरळ गॅसकेटकडे. खरबरीत, पांढरं आलं तर तिसरं प्रकरण तुमचं. पिवळं आलं तर वाचण्यापूर्वी घरात विचारा, हळद कोणी टाकली. मग हात साबणाने धुवा, आणि फेस येतोय का तेही बघा.